डोळ्याचं ऑपरेशन झालंय आणि काहीतरी विचित्र वाटतंय? आधी काय सांगायचं, नंतर काय बघायचं

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, डोळ्यांच्या दवाखान्यात चौदा वर्षं झाली, आणि ऑपरेशन झालेल्या पेशंटचे फोन बहुतेक वेळा मीच उचलते. "मॅडम, आईला कसंतरीच दिसतंय" इथून सुरुवात होते आणि पुढची दहा मिनिटं मी कसंतरीच म्हणजे नक्की कसं हेच काढत बसते. मोतीबिंदूचं ऑपरेशन आता इतकं रोजचं झालंय की लोक दाढ काढून आल्यासारखे सकाळी जाऊन दुपारी घरी जेवायला असतात, आणि बहुतेकांचं खरंच छान होतं, हे आधीच सांगते म्हणजे हे वाचून कुणी तारीख कॅन्सल करायला नको. पण जे थोडे जण अडकतात त्यांचं बघितलं तर खूण दिसलेली असते, फक्त ती खूण आहे हे घरात कुणाला कळलेलं नसतं, नाहीतर आधी सांगायची एखादी गोष्ट पोटातच राहिलेली असते. म्हणून हे.

आधी पिशवी आणा

तपासणीला येताना घरातल्या चालू औषधांची सगळी पिशवी आणा, आणि बंद केलेल्या औषधांचीही. मला सगळ्यात जास्त हवी असते ती प्रोस्टेटची गोळी. टॅमसुलोसिन नावाचं औषध असतं, युरिमॅक्स, वेल्टम अशा नावांनी मिळतं, लघवी अडखळते म्हणून साठीनंतर कितीतरी पुरुष घेतात. आता लघवीचा आणि डोळ्याचा काय संबंध? तर हे औषध जे स्नायू सैल करतं तसलेच स्नायू बाहुली मोठी करायला लागतात. मोतीबिंदू काढताना बाहुली मोठी राहायला हवी, पण या लोकांची ऑपरेशन चालू असतानाच आकसत जाते आणि बाहुलीभोवतीचा तो रंगीत पडदा ओल्या फडक्यासारखा लपलपायला लागतो, कधी कापलेल्या जागेतून बाहेर यायला बघतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या चँग आणि कॅम्पबेल या दोन डॉक्टरांनी हे पहिल्यांदा नीट मांडलं, तोपर्यंत सर्जन लोकांना कळायचंच नाही की हाच डोळा असा का वागतोय.

यातली मेख अशी की गोळी बंद केली तरी परिणाम पूर्ण जात नाही, वर्षांपूर्वी बंद केलेल्यांनाही होऊ शकतं. त्यामुळे स्वतःच्या मनाने आठवडाभर आधी गोळी थांबवून काही मिळत नाही, उलट लघवी तुंबून रात्री अपरात्री पळायची वेळ येते. फक्त सांगा. डॉक्टरला आधी माहीत असलं की तो बाहुली धरून ठेवायची रिंग, हुक, औषध सगळं तयार ठेवतो आणि ऑपरेशन नीट होतं. बायकांनाही मूतखड्यासाठी हीच गोळी देतात बरं का.

एक आजोबा आठवतात. फॉर्मवर बीपी, शुगर एवढंच लिहिलेलं, शेजारी मुलगा आणि सून. मी विचारलं, आजोबा रात्री लघवीला किती वेळा उठता, तर ते सुनेकडे बघून गप्प. मी दोघांना फाइलची झेरॉक्स काढायला पाठवलं, दार लागलं तसं आजोबांनी बंडीच्या खिशातून दुमडलेली स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. चार वर्षं चालू होती, घरात कुणाला माहीत नाही. तर वडिलांना, सासऱ्यांना एकटं गाठून विचारा, सगळ्यांसमोर विचारलं तर नाहीच म्हणणार.

दुसरं, चष्मा घालवायचं लेसर कधी केलंय का. लॅसिक वगैरे. हे तिशी पस्तिशीच्या लोकांनी आत्ताच वाचावं कारण मोतीबिंदू तुम्हालाही होणारच आहे. लेसरने बुबुळाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, आकार बदललेला असतो आणि डोळ्यात टाकायच्या लेन्सचा नंबर काढायची गणितं साध्या बुबुळासाठी केलेली असतात, त्यामुळे नंबर चुकू शकतो आणि ऑपरेशन उत्तम होऊनही चष्मा लागू शकतो. शिवाय बुबुळ पातळ झाल्यामुळे डोळ्याचं प्रेशर मशीनवर खऱ्यापेक्षा कमी दिसतं, म्हणजे काचबिंदू असला तरी आकडा नॉर्मल. लेसरच्या आधीचे रिपोर्ट, चष्म्याचा जुना नंबर, सगळं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला म्हणजे झालं असं नाही, वीस वर्षांत मोबाइल किती बदलतील. (लेन्सचा नंबर चुकायची परंपरा जुनीच आहे म्हणा. हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनला जगातली पहिली लेन्स बसवली, त्या पेशंटला नंतर मोठाच्या मोठा मायनस नंबर लागला होता. आता अर्धा नंबर राहिला तरी लोक भांडायला येतात.)

तिसरं खोकला. हसू नका. आडवं झोपून खोकल्याची उबळ येते का, दमा आहे का, बद्धकोष्ठ आहे का, सपाट झोपता येतं का. ऑपरेशन चालू असताना डोळा उघडा असतो आणि जोरात खोकला आला तर आतलं प्रेशर एकदम हलून डोळ्याच्या मागच्या थरात रक्तस्राव होऊ शकतो. फार म्हणजे फारच क्वचित होतं, पण झालं तर नजर जाऊ शकते. आठ दिवस उशिरा झालं ऑपरेशन तर काही बिघडत नाही, खोकला बरा करून या. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या सांगा जरूर, पण डॉक्टरला न विचारता बंद करू नका, डोळा वाचवायच्या नादात हार्टचं काहीतरी व्हायचं.

कालनिर्णयची टेस्ट

आता घरी आल्यावर. माझी एक पद्धत आहे ती मी प्रत्येकाला शिकवते. भिंतीवर कालनिर्णय असतंच. रोज सकाळी तोंड पुसून झालं की त्याच फरशीवर उभं राहायचं, दुसरा डोळा तळहाताने झाकायचा, दाबायचा नाही, आणि ऑपरेशनच्या डोळ्याने मोठे आकडे बघायचे. मग खालची तिथी वगैरे बारीक अक्षरं. काल जे दिसलं ते आज दिसतंय का, एवढंच. नजर रोज थोडी वर जायला हवी किंवा आहे तिथे थांबायला हवी. काल दिसलेला आकडा आज दिसत नसेल तर तो फोन करायचा दिवस, मग डोळा लाल असो नसो, दुखो ना दुखो.

हे इतकं धरून बसायचं कारण म्हणजे आतलं इन्फेक्शन, ज्याला एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात. हजारात एखाद्याला, कित्येक ठिकाणी त्याहूनही कमी. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसापासून आठवड्याच्या आत दिसतं. लोकांच्या डोक्यात असं असतं की इन्फेक्शन म्हणजे भयंकर ठणका आणि पू, पण अमेरिकेत १९९५ मध्ये यावरचा एक मोठा अभ्यास आला त्यात साधारण चारातल्या एकाला दुखतच नव्हतं, नजर मात्र जवळजवळ सगळ्यांची कमी झाली होती. म्हणून दुखण्याची वाट बघायची नाही, कालनिर्णय बघायचं. यात तास मोजले जातात, डोळ्यात थेट अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यावं लागतं, "रविवार आहे, उद्या दाखवू" हे वाक्य मला अजिबात आवडत नाही.

याचंच एक जुळं भावंड आहे, ते पहिल्या एक दोन दिवसांतच येतं, साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत. त्याला टास म्हणतात. इन्फेक्शन नसतं, ऑपरेशनमध्ये डोळ्यात गेलेल्या कशाचा तरी, उदाहरणार्थ उपकरणं धुताना राहिलेल्या साबणाचा नाहीतर चुकीच्या ताकदीच्या औषधाचा दाह असतो. बुबुळ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत धुरकट होतं, वाफ धरलेल्या काचेसारखं, आणि दुखतं फारसं नाही. औषध वेगळं, स्टिरॉइड. पण हे ओळखायचं काम तुमचं नाही, तुमचं काम फक्त तास सांगायचं, म्हणजे "काल दुपारी दोनला झालं, आज सकाळी आठपासून धुकं आहे". या एका वाक्यात डॉक्टरचं अर्धं काम होतं.

पहिल्या संध्याकाळी मात्र बऱ्याच गोष्टी बिनघोर असतात. सुई मारून डोळा बधिर केला असेल तर पापणी लोंबते, एकाचे दोन दिसतात, ते भूल उतरली की जातं, दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं तर सांगा. खुपणं, चुरचुरणं, पाणी येणं हेही चालतं. सगळं निळसर दिसतं म्हणून घाबरतात, ते तर मस्तच आहे, पिवळी पडलेली जुनी लेन्स गेली आणि निळा रंग आत यायला लागला. एका काकूंनी फोन केला होता की मॅडम माझी पांढरी भिंत इतकी वर्षं पिवळी होती का, मला आता रंग द्यावासा वाटतोय.

कानाच्या बाजूची काळी चंद्रकोर

हा फोन महिन्यातून एकदा तरी येतो. डोळ्याच्या बाहेरच्या बाजूला, कानाकडे, एक काळी कमान दिसते, घोड्याला लावतात तशी झापड बांधल्यासारखी. ऑपरेशन एकदम उत्तम, लेन्स मधोमध, नजर पूर्ण, तरी दिसते. नव्या लेन्सच्या कडेपाशी उजेड जसा पडतो त्याचा खेळ आहे, बहुतेकांचा मेंदू काही आठवड्यांत, काही महिन्यांत ते बघायचं सोडून देतो, जाड काडीचा चष्मा लावला की कमी वाटतं.

पण हीच तक्रार पडदा (डोळ्याच्या मागचा, ज्याच्यावर चित्र उमटतं तो, रेटिना) सुटण्याचीही असू शकते आणि तिथे दिवस घालवता येत नाहीत, म्हणून मी फोनवर तीन गोष्टी विचारते. पहिल्या दिवसापासून आहे की आत्ता नवीन आली? एका जागी आहे की वाढत चाललीय? अंधारात वीज चमकल्यासारखं होतं का, माश्या, काजळीचे कण अचानक भरपूर दिसायला लागले का? पहिल्या दिवसापासूनची, न वाढणारी, चमक नसलेली असेल तर उद्या सकाळी या, पण या. नवीन, सरकणारी, चमकणारी असेल तर आत्ताच निघा. ज्यांना आधी जाड मायनस नंबर होता त्यांनी तर हे पाठच करा, त्यांचा पडदा सुटण्याचा धोका जास्त, आणि ऑपरेशनला वर्ष झालं म्हणून तो संपत नाही.

महिन्याने, वर्षाने

चार ते सहा आठवडे झाले, सगळं छान चाललेलं, आणि मधलंच धूसर, वाचताना ओळ वाकडी. हे बऱ्याचदा पडद्याच्या मध्यभागाला आलेली सूज असते, शुगरवाल्यांना जास्त. थेंबांनी बहुतेकांची उतरते. लोक समजतात चष्म्याचा नंबर बदलला आणि थेट चष्म्याच्या दुकानात जातात, तिथे नंबर बसत नाही, मग दुसऱ्या दुकानात. नको.

आणि वर्ष दोन वर्षांनी "मोतीबिंदू परत आला" म्हणून येतात. मोतीबिंदू परत येत नाही. लेन्स ज्या पिशवीत बसवतात तिच्या मागच्या पापुद्र्यावर जाळी धरते, याग लेसरने पाच मिनिटांत भोक पाडतात, दुखत नाही. त्यानंतर दोन चार दिवस माश्या दिसतात, डोळ्याचं प्रेशर चढू शकतं म्हणून थांबवून तपासतात, घाई करून पळू नका.

डोळ्यात गॅस आणि पुढे घाट

आता हे माझं लाडकं प्रकरण कारण हे आपल्या भूगोलात फार बसतं. पडदा सुटल्यावर ऑपरेशन करून डोळ्यात गॅसचा फुगा सोडतात, तो पडदा आतून दाबून धरतो. एक गॅस साधारण दोन आठवडे राहतो, दुसरा दीड दोन महिने. उंचावर गेलं की बाहेरची हवा विरळ होते आणि गॅस फुगतो, डोळा बंद डबा असल्यामुळे प्रेशर चढतं, रक्तवाहिनी दाबली गेली तर नजर जाते. विमान नाही हे सगळे सांगतात, पण घाटाचं लोक विसरतात. मुंबई समुद्राला लागून, पुणे साधारण साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. मुंबईत ऑपरेशन करून मुलाच्या गाडीतून "आराम करायला" महाबळेश्वरला जायचं म्हणजे संकटाला गाडीभाडं देऊन बोलावणं.

आणि यात अजून एक चक्कर आहे. कोकणातला पेशंट, ऑपरेशन पुण्यात. घाट उतरून घरी जाताना काही वाटत नाही, खाली गॅस आकसतो, रिकामी झालेली जागा डोळा स्वतःच्या पाण्याने भरून काढतो, आणि आठ दिवसांनी तपासणीला परत घाट चढायला लागलं की जागाच उरलेली नसते. म्हणून ऑपरेशन ठरतानाच गावाचं नाव सांगा, रस्ता सांगा, डॉक्टर मग पुण्यातच राहायला सांगतात किंवा गॅसऐवजी सिलिकॉन तेल घालायचा विचार करतात, तेल फुगत नाही, पण काढायला नंतर परत ऑपरेशन लागतं.

फुगा आहे की गेला हे घरी कळतं. नजरेत खाली एक आडवी रेघ दिसते, मान हलवली की गवंड्याच्या लेव्हल पट्टीतल्या बुडबुड्यासारखी डुचमळते. खरा फुगा डोळ्यात वर असतो, दिसतो उलटा. रोज रेघ थोडी खाली जाते, शेवटी एक गोल गोळी उरते आणि ती पण जाते. ती पूर्ण गेली आणि डॉक्टरने हो म्हटलं की मगच घाट. दरम्यान दात काढायचा असो की दुसरं कुठलं ऑपरेशन, भूल देणाऱ्याला पहिलं वाक्य "माझ्या डोळ्यात गॅस आहे" हे, कारण भुलेतला नायट्रस ऑक्साइड त्या फुग्यात शिरून तो फुगवतो.

डोळ्यात जे इंजेक्शन देतात, शुगरमुळे पडद्याला आलेल्या सुजेसाठी वगैरे, त्यानंतर दोन चार काळे गोल ठिपके दिसले तर ते हवेचे नाहीतर औषधाचे बुडबुडे, एक दोन दिवसांत जातात. त्या रात्रीची आग ही बहुतेक वेळा सुईची नाही, आधी घातलेल्या आयोडीनची असते. आग कमी होत जायला हवी, दुसऱ्या तिसऱ्या दिवशी वाढली तर वर सांगितलेला कालनिर्णयचा नियम.

थेंबांचे उद्योग

लोकांना थेंब म्हणजे औषधच वाटत नाही. काचबिंदूचा टिमोलॉल घ्या. डोळ्यातला थेंब कोपऱ्यातल्या बारीक भोकातून नाकात, तिथून सरळ रक्तात, लिव्हरला वळसा घालून. दमेकऱ्याचा दमा त्या एका थेंबाने उसळू शकतो, नाडी मंद होते, चक्कर येते, आणि दम्याचा डॉक्टर "नवीन काय चालू केलं" विचारतो तेव्हा पेशंट म्हणतो काहीच नाही, कारण थेंब कोण सांगतं.

थेंब घालायची रीत अशी. मान मागे, खालची पापणी ओढून खिसा करायचा, बाटलीचं टोक कशालाही न लावता एक थेंब त्या खिशात. एकच. डोळ्यात जागा एका थेंबाएवढीही धड नसते, दुसरा गालावरच येतो. डोळा हलकेच मिटायचा, करकचून नाही, आणि नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दोन मिनिटं दाबून धरायचं. घशाला कडू लागलं नाही की समजा जमलं. दुसरी बाटली पाच मिनिटांनी.

लॅटानोप्रोस्ट, बायमॅटोप्रोस्ट हेही काचबिंदूचेच थेंब, ते घालणाऱ्यांच्या पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, ते बघून बहिणीने मागितले तर देऊ नका, घाऱ्या डोळ्यांचा रंग यांनी गडद होतो आणि तो परत येत नाही. कोकणस्थांनी विशेष लक्ष द्यावं. डोळ्याच्या प्रेशरसाठी डायमॉक्सची गोळी दिली असेल तर बोटांना मुंग्या येतात आणि सोडा बेचव लागतो, ते नॉर्मल, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. लहान मुलांना नंबर काढायला अ‍ॅट्रोपिनचं मलम देतात, त्यात पोर लालबुंद झालं, ताप आला, बडबडायला लागलं तर मलम थांबवून लगेच फोन. ब्रिमोनिडीन या काचबिंदूच्या थेंबांची बाटली तर बाळाच्या हाताला लागेल अशी ठेवूच नका, दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावतो.

स्टिरॉइडचे थेंब हा माझा राग आहे. ऑपरेशननंतर ते लागतातच, पण कमी करत बंद करायचे असतात. "बरं वाटतं म्हणून चालू ठेवले" असे सहा सहा महिने घालणारे बघितलेत. शंभरातल्या साधारण पाच जणांच्या डोळ्याचं प्रेशर यांनी जोरात चढतं, दुखत नाही, कळत नाही, आणि बाजूची नजर गुपचूप जाते. उरलेली बाटली २०२३ सारखी डोळ्यांची साथ आली की शेजारच्या पोराच्या डोळ्यात. ओतून टाका ती. तसेच बधिर करायचे थेंब, वेल्डिंगवाली मुलं मेडिकलमधून घेतात, आर्क (वेल्डिंगचा झगझगीत उजेड) डोळ्याला लागल्यावर दुखणं थांबून रात्री झोप येते म्हणून. दुखणं जातं पण बुबुळाची जखम भरत नाही, वारंवार घातले तर बुबुळ विरघळायला लागतं.

रात्री फोन कराल तेव्हा

कुठला डोळा, काय केलं होतं, किती दिवस किंवा किती तास झाले, काल काय दिसत होतं आणि आज काय, दुखणं वाढतंय की कमी होतंय, दुसरा डोळा ठीक आहे का. दुसरा डोळा विसरू नका, अगदी विरळ पण एका डोळ्याच्या इजेनंतर नाहीतर ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी महिन्यांनी चांगला डोळाही लाल होऊन उजेड सोसेनासा होतो, लुई ब्रेलची दुसरी नजर अशीच गेली असं मानतात. डोळ्याचा फोटो पाठवायचा तर खिडकीपाशी उभं राहून, फ्लॅश बंद. निघताना घरातल्या सगळ्या बाटल्या एका डब्यात घालून आणा, संपलेल्याही, कानात घालायच्याही, कारण दोनदा असं झालंय की बाटल्या टेबलावर मांडल्यावर कळलं की सकाळपासून डोळ्यात कानाचं औषध चाललं होतं.